'ते' की 'तो' : मराठी शाळेच्या पालकांना आणि समितीला खुले पत्र

प्रति,
रविवारच्या मराठी शाळेतील सर्व पालक आणि कार्यकारी समितीचे सदस्य,
फीनिक्स परिसर, ॲरिझोना

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात समितीकडे दोन पालकांची पत्रे आली आणि एका पालकांचा फोन आला. तिन्हींचा विषय एकच होता. सातवी ते नववीच्या मुलांसाठी मी दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी पुस्तकगप्पांचा तास घेते आणि त्या तासाला सध्या क्लोनिंगवरची एक कादंबरी वाचली जाते, तिच्याबद्दल ही तक्रार होती. समितीने माझ्याशी सौजन्याने बोलून, तूर्त हा तास थांबवावा आणि नव्या सत्रात एखादे हलकेफुलके पुस्तक घ्यावे, असे सुचवले. समितीचा हेतू चांगला आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु तेव्हापासून पालकांमध्ये या विषयावर बरीच चर्चा चालू आहे, आणि ज्यांनी पुस्तक उघडलेलेही नाही अशा अनेकांपर्यंत ते 'अफू, खून आणि माणसाचे अवयव काढून घेणे' एवढ्याच वर्णनाने पोचले आहे. म्हणून आपल्या मुलांनी हे पुस्तक कसे वाचले आणि वाचताना ती काय बोलली, हे मी सगळ्यांसमोर लिहून ठेवते आहे. मुलांची नावे अर्थातच देत नाही.

पुस्तक आहे नॅन्सी फार्मर यांची 'द हाउस ऑफ द स्कॉर्पियन' ही कादंबरी. ती २००२ साली प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी तिला कुमार साहित्याच्या विभागात नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले आणि पुढच्या वर्षी न्यूबेरी व प्रिन्ट्झ या दोन्ही पुरस्कारांच्या सन्मानयादीत तिचा समावेश झाला. तासाला येणाऱ्या अकरा मुलांपैकी चौघांना ती त्यांच्या शाळेतच अभ्यासाला होती, आणि त्यांच्या तोंडून ऐकून उरलेल्यांनी ती लायब्ररीतून आणली. म्हणजे पुस्तकाची निवड मुळात माझी नव्हती, मुलांची होती. मी फक्त एक अट घातली की वाचायचे इंग्रजीत, पण बोलायचे मराठीत.

लेखिकेविषयी दोन गोष्टी आपल्याला ठाऊक असाव्यात असे मला वाटते. त्यांचा जन्म १९४१ साली याच फीनिक्समध्ये झाला आणि त्या वाढल्या मेक्सिकोच्या सीमेलगतच्या युमा गावातल्या एका हॉटेलात, जे त्यांचे आईवडील चालवत असत. कॉलेजचे शिक्षण झाल्यावर १९६३ ते १९६५ या काळात त्या पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या सेवासंस्थेच्या स्वयंसेविका म्हणून भारतात होत्या, आणि नंतर कितीतरी वर्षे त्यांनी मोझांबिक व झिंबाब्वेमध्ये काढली. सीमेवरून कोण येते, कोणाला अडवले जाते, कोणाच्या घरात कोण राबते, हे ज्या बाईंनी लहानपणापासून पाहिले, त्यांनी ही गोष्ट लिहिली आहे. तिचे वाळवंट आपण ज्या वाळवंटात राहतो तेच आहे.

गोष्ट थोडक्यात सांगते. शेवटही सांगावा लागणार आहे, त्याला इलाज नाही. पुढच्या काळात अमेरिका आणि आस्तलान (म्हणजे आजचा मेक्सिको) यांच्यामध्ये 'ओपियम' नावाचा एक चिंचोळा देश आहे. तिथे मैलोनमैल अफूची शेती आहे आणि तिचा मालक एल पात्रोन हा एकशेचाळिशी ओलांडलेला म्हातारा आहे. दोन्ही देशांतून चोरून सीमा ओलांडणाऱ्यांना त्याने पकडायचे आणि मोबदल्यात त्या देशांनी त्याच्या धंद्याकडे डोळेझाक करायची, असा करार आहे. पकडलेल्यांच्या मेंदूत यंत्र बसवून त्यांचे 'ईजिट' केले जाते. हुकूम होईल तेवढेच काम ते करतात. त्यांच्या घोड्यांचीही तीच गत असते, 'पी' म्हटल्याशिवाय घोडा पाण्याला तोंड लावत नाही. या देशात मॅट नावाचा मुलगा सेलिया नावाच्या स्वयंपाकीणबाईच्या झोपडीत वाढतो. तो एल पात्रोनच्या पेशीपासून बनवलेला क्लोन, म्हणजे त्याच्याच जनुकांची प्रत, आहे आणि एका गाईच्या पोटी वाढवला गेला आहे. इतर क्लोनांचा मेंदू जन्मतःच सुई टोचून निकामी करतात, याचा मात्र केलेला नाही, कारण मालकाची तशी इच्छा आहे. मॅटला वाटते की आपल्यावर मालकाचा जीव आहे. खरे कारण त्याला चौदाव्या वर्षी कळते. म्हाताऱ्याला नवे हृदय हवे आहे.

आता मुलांविषयी.

पहिल्या तासाला सगळ्यांना एकच प्रसंग सांगायचा होता. सहा वर्षांचा मॅट झोपडीच्या खिडकीतून उडी मारतो, त्याच्या पायात काचा घुसतात आणि खेळायला आलेली दोन-तीन मुले त्याला उचलून वाड्यावर नेतात. तिथे सगळे धावपळ करतात, रक्त पुसतात. मग कोणाला तरी त्याच्या तळपायावर गोंदलेली अक्षरे दिसतात की हा अलाक्रान, म्हणजे एल पात्रोनच्या घराण्याच्या मालकीचा आहे, आणि त्याच क्षणी त्या रक्ताळलेल्या पोराला उचलून बाहेर हिरवळीवर टाकले जाते. पुढे त्याला एका खोलीत कोंडतात. कोंबड्यांच्या खुराड्यात पसरतात तसा लाकडाचा भुसा त्या खोलीत पसरलेला असतो, आणि तिथे तो कित्येक महिने राहतो. सातवीतला एक मुलगा, जो एरवी तासाला तोंड उघडत नाही, म्हणाला, "टीचर, पाय तोच होता ना? आधी पण तोच पाय होता." मी वीस वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आहे, आणि क्लोन म्हणजे काय हे मला त्या मुलापेक्षा अधिक कळते. पण त्या वाक्यात भर घालावी असे माझ्याकडे काही नव्हते.

दुसऱ्या तासाची गोष्ट मला अधिक सविस्तर सांगायची आहे, कारण ती मराठीतच घडू शकत होती. मॅटला एका इस्पितळात दुसऱ्या एका श्रीमंत माणसाचा क्लोन दिसतो. तो खाटेला बांधलेला असतो, मेंदू निकामी केलेला असतो आणि नुसता ओरडत असतो. आठवीतला एक मुलगा हा प्रसंग सांगताना म्हणाला, "खाटेवर ते होतं, आणि ते ओरडत होतं." लगेच एका मुलीने त्याला अडवले. "ते नको म्हणू, तो म्हण. पुस्तकातली वाईट माणसं त्याला 'इट' म्हणतात." मुलगा गोंधळला. मग म्हणाला, "पण माझी आई माझ्या धाकट्या भावाला 'ते' म्हणते. ते झोपलंय, ते उठलं की जेवू."

त्यावर अकरा मुलांनी एका सर्वनामावर वीस मिनिटे वाद घातला. इंग्रजीत माणसाला 'इट' म्हटले की त्याचे माणूसपण संपते. मराठीत मात्र बाळ, लेकरू, पोर, वासरू, पाखरू ही सगळी 'ते' असतात, आणि त्या 'ते'मध्ये अपार माया असते. खुर्चीखालचे पायपुसणेही 'ते'च असते. मग सेलिया त्या खाटेवरच्या पोराविषयी मराठीत बोलली असती तर काय म्हणाली असती? आणि मॅटला कोंडणारी रोझा काय म्हणाली असती? मुलांनी शेवटी ठरवले की दोघीही 'ते'च म्हणाल्या असत्या, आणि कोणते 'ते' आहे हे फक्त आवाजावरून कळले असते. मग त्यांनी एकेकाने ते वाक्य दोन्ही आवाजांत म्हणून दाखवले. नऊ वर्षे मी या शाळेत लिंग, वचन, विभक्ती शिकवते आहे. नपुंसकलिंग इतके समजून घेतलेली मुले मी पूर्वी पाहिली नव्हती.

तिसऱ्या तासाला जे झाले, त्यातून तक्रार निघाली. मी मुलांना विचारले होते की वाड्यात मॅटला काय काय करायची मुभा नाही, याची यादी करा. मुले सांगत होती. त्याला कोणी हात लावत नाही. एल पात्रोन समोर असेल तेव्हा सगळे गोड बोलतात आणि तो गेला की तोंड फिरवतात. वाड्यावर येणाऱ्या मारिया नावाच्या मुलीला त्याच्याशी खेळायचे असते तर तिचे वडील तिला सांगतात की तो कुत्र्यासारखा आहे. फळ्यावर लिहून होत असताना आठवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "आजीकडे कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे. स्टीलचा. खिडकीत पालथा ठेवलेला असतो. मी एकदा त्यातून पाणी प्यायले तर आजी ओरडली." वर्ग शांत झाला. मग दुसऱ्या एकाने सांगितले की त्याच्या काकांच्या सोसायटीत कामाच्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट आहे. आणखी एकीला आठवले की त्यांच्या घरी येणाऱ्या ताई सोफ्यावर कधीच बसत नाहीत, जमिनीवर बसतात, आणि त्यांना कोणी 'वर बसा' म्हणताना तिने कधी ऐकलेले नाही.

मी मुलांना काय म्हटले, याविषयी दोन वेगवेगळ्या कहाण्या माझ्या कानावर आल्या आहेत, म्हणून ते शब्दशः लिहिते. मी म्हटले, "माझ्या माहेरी पण तसा कप होता. कान तुटलेला, कोनाड्यात ठेवलेला. पारूबाई स्वतःच तो काढायच्या, स्वतःच धुऊन परत ठेवायच्या, आणि मी दहावी होईपर्यंत मला त्यात काही वेगळे दिसले नव्हते. कॉलेजात गेल्यावरही मी आईला कधी विचारले नाही." एवढेच. कोणाच्याही आजीविषयी मी एक शब्द काढलेला नाही, आणि मुलांनीही काढलेला नाही.

ती मुलगी घरी जाऊन आईला म्हणाली की आपण जूनमध्ये आजीकडे जाऊ तेव्हा तो कप बदलायचा का. तिच्या आईला वाईट वाटले, आणि ते का वाटले हे मी समजू शकते. ज्या आजीने हिला लहानपणी सांभाळले, जी हिच्यासाठी दरवर्षी चकल्या करून पाठवते, तिला पुस्तकातल्या क्रूर लोकांच्या रांगेत बसवले, असे त्यांना वाटले. त्यांच्या पत्रातले शब्द आहेत : 'माझ्या आईला खलनायिका ठरवण्यासाठी मी मुलीला मराठी शाळेत घालत नाही.' ताई, मी आपल्याला हे जाहीरपणे सांगते की आपल्या मुलीने आजीला काहीही ठरवलेले नाही. तिने एक कप पाहिला, आणि तो तिला आधीही दिसत होता. पुस्तकाने तिला त्याविषयी विचारण्याचे धैर्य दिले, आणि तिने प्रश्न दुसऱ्या कोणाला न विचारता आईला विचारला.

शिवाय माणसांचे चांगले आणि वाईट असे दोन ढीग करायला हे पुस्तक मुलांना शिकवतच नाही. मॅटचा सर्वांत जवळचा माणूस म्हणजे टॅम लिन हा अंगरक्षक. त्याला घेऊन डोंगरात जाणारा, पोहायला शिकवणारा, पुस्तके देणारा. पुढे कळते की त्याने तरुणपणी लंडनमध्ये ठेवलेल्या बॉम्बमुळे वीस शाळकरी मुले मेली होती. मुलांना हे पचवणे फार जड गेले. एका मुलीने सांगितले की ते पान वाचल्यावर तिने पुस्तक दोन दिवस बंद ठेवले. नववीतला एक मुलगा म्हणाला की टॅम लिन आता चांगला वागतो म्हणून ती वीस मुले परत येत नाहीत, आणि ती आली नाहीत म्हणून मॅटने त्याच्यावर प्रेम करू नये असेही म्हणता येत नाही. एल पात्रोनविषयीही तसेच झाले. तो दरिद्री गावात जन्मला, त्याची सगळी भावंडे लहानपणीच गेली, आणि त्यांच्या वाट्याचे आयुष्यही आपल्याला मिळायला हवे असे तो आयुष्यभर मानत आला. दोघा मुलांना त्याची दया आली आणि तशी ती आल्याबद्दल त्यांना अपराधी वाटले. हे सगळे ज्यांच्या मनात एकाच वेळी मावते, ती मुले एका कपावरून आजीला टाकतील अशी भीती मला वाटत नाही.

दुसरे पत्र एका वडिलांचे आहे. ते स्वतः अभियंता आहेत आणि त्यांचा आक्षेप असा की पुस्तकातले विज्ञान चुकीचे आहे, मग विज्ञानकथा म्हणून ते मुलांना का द्यावे. हा आक्षेप मला आवडला आणि त्याचे उत्तर मी थोडे लांबवणार आहे, कारण तो माझ्या विषयाचा आहे. गाईच्या गर्भाशयात माणसाचे मूल वाढू शकत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मी ते मुलांना पहिल्याच तासाला सांगितले होते. परंतु मुलांनी त्यापुढे जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे देताना मी त्यांना डॉलीची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेऊन, दुसऱ्या मेंढीच्या केंद्रक काढून टाकलेल्या अंड्याशी ती जोडून आणि तिसऱ्या मेंढीच्या पोटी वाढवून ५ जुलै १९९६ रोजी डॉली जन्मली. २७७ वेळा जोडणी झाली होती, त्यांतून जिवंत राहिलेली ही एकच. कादंबरीच्या सुरुवातीला प्रयोगशाळेतला माणूस ३६ पेशींवर लक्ष ठेवून असतो आणि त्या एकेक करून मरत जातात, ते वर्णन या आकड्याशेजारी ठेवल्यावर मुलांना ते अजिबात खोटे वाटले नाही. उरलेल्या पस्तिसांचे काय, असा प्रश्न एका मुलीने विचारला, आणि त्याचे उत्तर मी अजून शोधते आहे.

मुलांचा दुसरा प्रश्न होता की मॅट मोठा होऊन एल पात्रोनसारखाच होणार का. मी त्यांना टेक्सासमधल्या मांजरीची हकिकत सांगितली. डिसेंबर २००१ मध्ये तिथल्या विद्यापीठात रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीचा क्लोन जन्मला, त्याचे नाव सीसी. दोघींची जनुके एकच, पण सीसीच्या अंगावर रेनबोचा नारिंगी रंग उतरलाच नाही. मांजरीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकच चालू राहते, आणि कोणते चालू राहायचे ते भ्रूण असतानाच ठरून जाते. सीसी ज्या एका पेशीपासून झाली तिच्यात नारिंगी रंगाचे जनुक ज्यावर होते तेच गुणसूत्र मिटलेले होते. मुलांनी या उदाहरणावर झडप घातली. अंगावरचे ठिपकेसुद्धा सारखे येत नसतील तर स्वभाव कुठून सारखा येणार, असे त्यांचे म्हणणे.

आणि हृदयाचे म्हणाल, तर तिथे लेखिकेचे विज्ञान अगदी पक्के आहे. दुसऱ्याचा अवयव शरीर स्वीकारत नाही, तो परका म्हणून त्याच्यावर तुटून पडते. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले ते एकाच बीजाच्या जुळ्या भावांमध्ये, कारण एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीराला परके वाटण्याचा प्रश्नच नव्हता. ते करणारे डॉक्टर जोसेफ मरे यांना पुढे १९९० साली नोबेल मिळाले. क्लोन म्हणजे उशिरा जन्मलेला जुळा भाऊच. म्हाताऱ्याला इतर कोणाचे नाही, मॅटचेच हृदय का हवे, याचे हे सरळ कारण आहे. बॉस्टनच्या भावाने आपले मूत्रपिंड स्वतःहून दिले होते, मॅटला मात्र कोणी विचारलेलेच नाही, हा फरक मुलांनी माझ्याआधी सांगितला. जानेवारी २०२२ मध्ये बाल्टिमोरला डुकराच्या जनुकांत बदल करून त्याचे हृदय एका माणसाला बसवण्यात आले, आणि तो रुग्ण सुमारे दोन महिने जगला, हेही मी त्यांना सांगितले. मग प्रश्न आला की डुकराला विचारायला हवे का. तो तास दीड तास चालला आणि खाली गाडीत थांबलेल्या पालकांची मी तेव्हाही क्षमा मागितली होती.

मुलांनी कायद्याविषयीही विचारले. माणसाचा क्लोन जन्माला घालण्यास भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनाई आहे. अमेरिकेत देशभर लागू होईल असा त्याविरुद्धचा कायदा मात्र नाही, काही राज्यांचे आहेत. हे ऐकून मुलांना धक्का बसला. त्यांना वाटत होते की एवढी मोठी गोष्ट कोणीतरी मोठ्या माणसांनी केव्हाच ठरवून टाकली असेल.

फोन करणाऱ्या पालकांनी सुचवले की मुलांना मराठीतलेच विज्ञानसाहित्य द्यावे. ते आपण देतोच. गेल्या वर्षी आपण जयंत नारळीकरांच्या कथा वाचल्या, आणि मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवून पहिला क्रमांक मिळवला, ही हकिकत मुलांना कथेपेक्षाही अधिक आवडली. पण चौदा वर्षांच्या क्लोनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले जग सांगणारी, चौदा वर्षांच्या वाचकासाठी लिहिलेली मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. कोणाला माहीत असेल तर मला अवश्य कळवावे, पुढच्या सत्राला आपण ती घेऊ. अफूविषयी एवढेच सांगते की पुस्तकात नशा करणारी जी माणसे आहेत, त्यांच्यासारखे व्हावे असे कोणत्याही मुलाला वाटणार नाही.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्या तासाला एका मुलीचा पाचवीतला भाऊ मागच्या बाकावर बसला होता आणि खाटेवरच्या क्लोनचा प्रसंग त्याने ऐकला. त्या रात्री तो घाबरून उठला. त्याला बाहेर पाठवायला हवे होते, ते मी केले नाही, ती चूक माझी आहे. यापुढे सातवीच्या खालचे मूल या तासाला बसणार नाही.

आपण ॲरिझोनात राहतो म्हणून आणखी एक गोष्ट. हिवाळ्यात अमेरिकेत जी पालेभाजी खाल्ली जाते, तिच्यातली सुमारे ९० टक्के युमा आणि आसपासच्या शेतांतून येते, आणि लेट्यूसचा गड्डा अजूनही माणसे वाकून, सुरीने कापून काढतात. त्यांतली कित्येक माणसे रोज पहाटे सीमा ओलांडून कामाला येतात आणि दुपारी परत जातात. ज्यांना रीतसर ओलांडता येत नाही ती वाळवंटातून येतात. गेल्या पंचवीस वर्षांत दक्षिण ॲरिझोनाच्या वाळवंटात तीन हजारांहून अधिक माणसांचे मृतदेह वा अवशेष सापडले आहेत. टुसॉनची 'ह्युमेन बॉर्डर्स' ही संस्था तिथे पाण्याची पिंपे ठेवते आणि ती लांबून दिसावीत म्हणून उंच काठीवर निळा झेंडा लावते. आपल्या एका मुलाने ऑर्गन पाइप कॅक्टस या सीमेजवळच्या संरक्षित वाळवंटाच्या सहलीला जाताना तसा झेंडा पाहिला होता आणि तो कशाचा हे त्याला कोणी सांगितले नव्हते. शेतात मरून पडलेल्या ईजिटजवळ मॅट पोचतो, तो प्रसंग वाचताना त्याला ते आठवले. त्याने विचारले की ते पिंप कोण भरते. आम्ही शोधून काढले. स्वयंसेवक टँकर घेऊन जातात.

मुलांना सगळेच पुस्तक आवडले असेही समजू नये. मॅट पळून आस्तलानला जातो आणि अनाथ मुलांच्या कारखान्यात अडकतो, तो भाग त्यांना लांबलेला वाटला, आणि त्यानंतरचा शेवट घाईने उरकलेला. मलाही तसेच वाटते. एल पात्रोनने ठेवलेली विषारी दारू त्याच्या दफनाच्या दिवशी सगळे घराणे पिते, आणि टॅम लिन ते ठाऊक असूनही पितो. एवढी मोठी घटना आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून, दोन-तीन पानांत कळते. एका मुलीने रागाने लिहून आणले की लेखिकेने टॅम लिनला निरोप घेऊ द्यायला हवा होता. तिने तो निरोप स्वतः मराठीत लिहिला आहे, दीड पान. शुद्धलेखनाच्या चुका आहेत. मी त्या अजून दुरुस्त केलेल्या नाहीत.

आता समितीकडे आणि पालकांकडे माझे मागणे. पुस्तकाचा शेवटचा तास राहिला आहे, तो होऊ द्यावा. त्या तासाचा विषय मुलांनीच ठरवला आहे. कादंबरीतल्या कायद्यानुसार एकाच माणसाच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी असू शकत नाहीत, त्यामुळे मूळ माणूस जिवंत असेपर्यंत क्लोन माणूस नसतो. एल पात्रोन मेल्यावर मॅट कायद्याने माणूस होतो, तेही एल पात्रोन म्हणून, त्याच्या सगळ्या मालमत्तेसह आणि मेंदूत यंत्र असलेल्या त्याच्या सगळ्या मजुरांसह. त्या मजुरांचे आता मॅटने काय करायचे, यावर मुलांना बोलायचे आहे. ज्या पालकांना आपले मूल नको असेल त्यांनी मला तसे कळवावे, मी त्या मुलाला वेगळे पुस्तक देईन आणि एका शब्दाने कारण विचारणार नाही. पण एका घराच्या नकारासाठी अकरा मुलांचा तास बंद करू नये. आणि शक्य असेल त्यांनी स्वतः यावे. माझ्याकडे दोन प्रती आहेत, चँडलरच्या लायब्ररीतूनही पुस्तक मिळते, आणि पूर्ण वाचायला वेळ नसेल तर पायात काचा घुसण्याच्या प्रसंगाची चार पाने वाचून आलात तरी चालेल.

ज्या मुलीने कपाविषयी सांगितले, तिच्या आजी एप्रिलमध्ये इथे येणार आहेत असे कळते. त्यांच्या लेकीची हरकत नसेल तर मी त्यांना स्वतः फोन करून तासाला बोलावणार आहे, आणि शेवटचा तास त्यांच्या सोयीच्या रविवारी ठेवणार आहे. पारूबाईंच्या कपाविषयी मी माझ्या आईला कधी विचारले नाही, आणि आता आई नाही. आजींना मुलांसमोर जे सांगावेसे वाटेल ते त्यांनी सांगावे, आणि काही सांगावेसे वाटले नाही तर नुसते बसून ऐकावे.

आपली नम्र,
सातवी ते नववीच्या वर्गाची शिक्षिका